‘आजारी व्हिनेगरून विकला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. दीड महिना व्हिनेगरून मादीने (विंचवासारखा दिसणारा, चाबकासारख्या शेपटीचा, कोळ्या-विंचवांच्या कुळातला प्राणी) काही खाल्लं नाही, बिळाचं तोंड आतून बंद करून बसली, चमच्याने उकरून काढली तर तोंडावर विष उडवलं, अंडी टाकली आणि खाऊन पण टाकली, आणि दुकानवाले मेसेजला उत्तर देत नाहीत, असं तुमचं म्हणणं. मेसेजचं आधी मान्य करतो. तुमचे दोन मेसेज तीन दिवस तसेच पडून राहिले, चूक आमचीच. "उकरू नका" एवढं जरी तेव्हा टाकलं असतं तरी पुढचं रामायण झालं नसतं.

पण आजारी नव्हती हो ती. तुम्हीच टाकलेला फोटो जरा झूम करून बघा, पोटाखाली फिकट फुगा दिसतोय ना, ती अंड्यांची पिशवी आहे. आणि पोट कमानीसारखं वर उचललंय ते बघून तुम्ही "वाकडी झालीये" लिहिलंत, ती पिशवी मातीला टेकू नये म्हणून तशी उभी राहते, तेही आठवडेच्या आठवडे, न खाता. पिशवीत पाणी असतं म्हणून अंडी सुकत नाहीत. पिल्लं निघाली की पांढरीशुभ्र, आईच्या पाठीवर चढून चिकटून बसतात, पहिली कात टाकेपर्यंत खाली उतरत नाहीत, आणि तोवरही ही बाई उपाशीच. बीळ बंद केलं म्हणजे कात टाकतेय असं कोणीतरी तुम्हाला सांगितलं म्हणता, तर पूर्ण वाढ झालेली मादी परत कात टाकतच नाही. मोठी मादी, फुगलेलं पोट, बंद बीळ, म्हणजे अंडीच समजायचं.

अशा वेळी करायचं काय, तर जवळजवळ काहीच नाही. माती खोल हवी, खालचा थर ओलसर, वरचा कोरडा चालतो. पाणी एका कोपऱ्यातून हळू सोडायचं, बिळावर फवारा मारायचा नाही. जिवंत झुरळं-रातकिडे आत सोडून ठेवायचे नाहीत, ते तिलाच त्रास देतात. डबा अंधारात, हलवाहलवी बंद. तिला धोका वाटला की पिशवी सोडते, कधी खाते पण, तुमच्याकडे तेच झालं.

आणि ते विष नव्हतं. हिला नांगी नाही, विषग्रंथी नाहीत. शेपटीच्या मुळाशी ग्रंथी असतात, त्यातून साधारण ८४ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड उडतं, घरातल्या व्हिनेगरमध्ये ते ५ टक्क्यांच्या आसपास असतं, तेव्हा डोळे चुरचुरणारच. नेम पण चांगला असतो, जिकडून चमचा आला तिकडेच मारते. डोळ्यात गेलं असेल तर भरपूर पाण्याने धुवा, थांबलं नाही तर डॉक्टरला दाखवा.

आमची अजून एक चूक तुम्ही लिहिली नाहीत, मीच सांगतो. मादी आमच्याकडे नरासोबत होती, म्हणजे अंडी असू शकतात हे माहीत होतं आणि सोबतच्या कागदावर एक ओळ लिहिली नाही. आता लिहितो. "आजारी" तेवढं मान्य नाही, बाकी तक्रार रास्त आहे.

मादी अजून जिवंत आहे म्हणालात. पाण्याची उथळ वाटी ठेवा, दोन-चार दिवस शांत राहू द्या, मग रात्री एक मारलेला रातकिडा बिळाच्या तोंडाशी ठेवून बघा, सकाळपर्यंत खाल्ला नाही तर काढून टाका. नकोच असेल तर परत आणा, पैसे पूर्ण देतो. फक्त आणताना डब्यात ओलसर माती भरा, टिश्यू पेपर नको.