कृष्णवर्णीय नायकाला हसू देऊ नये

गेल्या महिन्यात एका वाचक मंडळात मी कॉमिक्समधला कृष्णवर्णीय सुपरहीरो ल्यूक केज आणि त्याची बायको जेसिका जोन्स यांच्या संसाराविषयी बोलत होतो. दहाव्या मिनिटाला अध्यक्षांनी मला थांबवले आणि ‘हे घरगुती राहू द्या, मुख्य विषयाकडे, म्हणजे वेदनेकडे वळा’ अशी प्रेमळ सूचना केली. तेव्हापासून मी सुधारलो आहे. कृष्णवर्णीय सुपरहीरोंची कॉमिक्स हाती घेणाऱ्या आपणासही वेळीच सुधारता यावे, म्हणून हे चार हिताचे शब्द.

नायकाच्या अंगावरचे वळ मोजावेत, कडेवरचे मूल पाहू नये. तुरुंगातल्या प्रयोगातून पोलादी कातडी घेऊन 1972 साली अवतरलेला ल्यूक आपल्या कामाचा. मुलीचे नाव जिवलग मित्र डॅनी रँड याच्यावरून डॅनिएल ठेवणारा आणि तिला सांभाळायला खारींशी बोलणारी सुपरहीरोईण नेमणारा ल्यूक मात्र गंभीर वाचकाने टाळावा.

लुनेला लाफायेत ही चिमुरडी शास्त्रज्ञ लाल डायनासोरसह न्यूयॉर्कभर हिंडते. तिच्याकडे ढुंकूनही पाहू नये, कारण तिला मजा येत असते.

कुणाचे प्रेम जुळलेच, तर घाबरू नये. ते मोडण्याची व्यवस्था प्रकाशक स्वतः करतात. वाकांडा या काल्पनिक देशाचा राजा ब्लॅक पँथर आणि वादळांवर हुकूम चालवणारी स्टॉर्म यांचे लग्न 2006 साली वाजतगाजत लावले. सहा वर्षांनी, वाकांडा पुरात बुडाल्यावर, स्टॉर्म मदतीला धावून आली, तर नवऱ्याने सांगितले की पँथर पंथाच्या मुख्य पुरोहिताने विवाह रद्द केला आहे. आणि तो मुख्य पुरोहित कोण? तोच! अहो, घरच्या बाईला इतक्या थंडपणाने तर आपल्याकडचे सासरेही हाकलत नाहीत. त्याच वाकांडातल्या अनेका आणि आयो या दोन रक्षक स्त्रियांच्या प्रेमाची मालिका 2016 साली निघाली, सहा अंकांत गुंडाळली आणि 2018 साली तिला कॉमिक्समधला मानाचा आयझनर पुरस्कार मिळाला. आधी मूठमाती, मग सत्कार! खप नव्हता म्हणतात. सहा अंकांत वाचकाला मालिकेचा पत्ता तरी लागतो का?

आता उपरोध पुरे. प्रेम, निष्ठा आणि हसू म्हणजे मुख्य विषयाला लावलेली झालर आहे, असे आपण समजता, याचे कारण आपण ही कॉमिक्स वाचतच नाही. चाळता, जखमा टिपून घेता आणि भाषण ठोकता. 2003 सालच्या मालिकेतल्या आयझाया ब्रॅडली या कृष्णवर्णीय सैनिकावर सैन्याने केलेल्या क्रूर प्रयोगाविषयी आपण तासभर बोलाल. पण त्या प्रयोगाने बुद्धी हरपलेल्या नवऱ्याला फेथने कित्येक वर्षे जपले आणि शेवटच्या पानावर तो आपला फाटका गणवेश घालून कॅप्टन अमेरिकेशेजारी फोटोला उभा राहतो, हे पान आपण पाहिले तरी आहे का? की फेथची ती सारी वर्षेही घरगुतीच, अध्यक्षमहाराज?