वेळेआधी येणारा पाहुणा

मी आयुष्यात कुठेच वेळेवर पोचलेलो नाही. स्वतःच्या साखरपुड्यालासुद्धा पाऊण तास उशिरा गेलो होतो. अशा माणसाने पडत्या उपग्रहाच्या नादी लागूच नये.

उपग्रह म्हणजे एओ-९२. आम्हा हॅम रेडिओवाल्यांचा, म्हणजे हौसेखातर रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्यांचा, १० सेंटिमीटरचा ठोकळा. १२ जानेवारी २०१८ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी४० वर बसून गेला, म्हणजे आपल्याच अंगणातून उडालेला. वरून जाताना आपलं बोलणं ४३५.३५० मेगाहर्ट्झवर ऐकायचा आणि १४५.८८० वर सगळ्यांना सांगायचा. आमच्या सोसायटीत हे काम काकू करतात. पुढे बिचाऱ्याची बॅटरी थकली, आणि २०२४ च्या जानेवारीत तो भराभर खाली येऊ लागला. सूर्य खवळलेला असला की वरची विरळ हवा फुगते आणि उपग्रहाला मागे ओढते.

मागे ओढलं की उशीर व्हायला हवा ना? हा उलट लवकर येतो! खाली उतरला की फेरीची वाट आखूड आणि वेग जास्त. ५०० किलोमीटरवर एका फेरीला साडेचौऱ्याण्णव मिनिटं लागतात, २०० वर साडेअठ्ठ्याऐंशी. त्यामुळे काल रात्री उतरवून घेतलेले कक्षेचे आकडे सकाळी शिळे. उपग्रहाची वेळ सांगणारं ॲप म्हणतं दहा चाळीस, आणि स्वारी तोवर डोक्यावरून निघूनही गेलेली.

तो जळायच्या आत गच्चीवरून एकदा त्याचा आवाज ऐकायचा, असं मी ठरवलं. पहिल्या दिवशी गच्चीच्या किल्लीने घात केला. ती सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी पूजेला बसलेले. दुसऱ्या दिवशी किल्ली मिळाली, पण अँटेना जिन्याच्या वळणावर अडकली. पीव्हीसी पाइपला मेजरिंग टेपच्या पट्ट्या लावून मी ती घरीच केली आहे. वळणावर पट्ट्या वाकतात आणि सुटल्या की फाडकन तोंडावर बसतात. तिसऱ्या दिवशी ऑफिसात "जरा दवाखान्यात जाऊन येतो" सांगून पंचवीस मिनिटं आधीच वर जाऊन उभा राहिलो. एका हातात अँटेना, दुसऱ्यात रेडिओ, मान वर. जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा आणि लांब जाणाऱ्या गाडीचा उतरता वाटतो, तसंच उपग्रहाचं: येताना १४५.८८० च्या तीन किलोहर्ट्झ वर ऐकायचं, जाताना तीन खाली, म्हणून अंगठा सतत बटणावर. कानात नुसती खरखर. मध्येच एक सूर आला, काळीज लक्कन हललं, आणि कळलं की खाली कुणीतरी मिक्सर लावलाय.

गच्चीवर काकूंचे सांडगे वाळत होते. त्या पायरीवर बसून रोज माझ्याकडे कौतुकाने बघायच्या. मला वाटलं, चला, या वयात विज्ञानाची गोडी लागली.

बायको म्हणाली, "अहो, वर काही ऐकू येतं का तरी?"

"येईल."

"मी गॅस बंद करा म्हणून दोनदा ओरडले, ते आलं होतं का?"

३ फेब्रुवारीला एओ-९२ वातावरणात शिरून जळून गेला. बातमी मला दुसऱ्या दिवशी कळली, तिथेही उशीरच. अँटेनाच्या पट्ट्या सोडवून ठेवत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात काकू.

"आज वर आला नाहीत? ती तुमची काठी फिरवायला?"

"आता नाही येणार, काकू. संपलं ते."

"अहो, असं काय करता? आठवडाभर एक कावळा फिरकला नव्हता हो. आज बघा, निम्मे सांडगे नेले मेल्यांनी!"