मेडिकलमधलं काजळ फेकून बाळाच्या डोळ्यात सुरमा घालणार? आधी हे वाचा

‘मेडिकलमध्ये, कटलरीच्या दुकानात दीडशे-दोनशेला मिळणारं काजळ, मस्कारा, फाउंडेशन म्हणजे निव्वळ शिसं. सोन्याची अंगठी घासून बघा, काळं पडेल. मस्काऱ्यात वटवाघळाची विष्ठा असते. फाउंडेशनने त्वचेचा श्वास कोंडतो, 60 टक्के विष रक्तात जातं. लावायचंच तर महागातलं परदेशी लावा, नाहीतर आजीच्या काळचं घरचं काजळ किंवा शुद्ध सुरमा वापरा. बाळालाही पहिल्या दिवसापासून घाला, डोळे मोठे आणि नजर तेज होते.’ खाली सही: ‘एका डॉक्टर ताईंचा सल्ला’. ताईंना नाव नाही, गाव नाही, दवाखाना नाही.

असले मेसेज मी एरवी पुसून टाकते. पण हा माझ्या मावसबहिणीच्या सासरच्या ग्रुपवर आला, आणि ती सध्या बाळंतपणासाठी माहेरी आहे. तिने स्वतःची काजळाची पेन्सिल आणि अर्धी भरलेली फाउंडेशनची बाटली कचऱ्यात टाकली. तेवढ्यावर थांबली असती तर मी काही बोलले नसते. पण तिने बाळासाठी कुणाकडून तरी सुरमा मागवला आणि मला डबीचा फोटो पाठवला. सोनेरी टोपणाची प्लास्टिकची डबी, वर ‘100 टक्के शुद्ध’ असं छापलेलं स्टिकर आणि खाली एक मोबाइल नंबर. कोणी बनवला, कधी बनवला, कशापासून बनवला, कशाचा म्हणून पत्ता नाही. म्हणजे शिशाच्या भीतीने नाव-पत्ता-परवाना असलेली वस्तू कचऱ्यात गेली आणि बेनामी डबी बाळाच्या पाळण्याजवळ आली.

म्हणून सुरुवात त्या शेवटच्या सल्ल्यापासूनच करते.

सुरमा म्हणजे दगड कुटून केलेली बारीक पूड. हा दगड बऱ्याचदा गॅलेना असतो, म्हणजे शिशाचं खनिज. त्याची चमकदार काळी झाक शिशाचीच. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहरात, 2013 साली अफगाणिस्तानातून आलेल्या एका निर्वासित कुटुंबातल्या दोन लहान भावंडांच्या रक्तात शिसं जास्त आढळलं. शोध घेतला तेव्हा कारण सापडलं ते डोळ्यात घालायचं काजळ. घरच्यांनी अफगाणिस्तानातून आणलेली, सुरम्यासारखीच पूड. तपासणीत त्या पुडीत 54 टक्के शिसं निघालं. ही माहिती कुठल्या ग्रुपवरची नाही, तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, त्याच वर्षी छापलेली आहे.

आता हा आकडा आपल्या कायद्यासमोर ठेवून बघा. भारतात रंग देण्यासाठी शिशाची संयुगं वापरून सौंदर्यप्रसाधन बनवायला बंदी आहे. प्रसाधनांत जे रंग वापरतात, त्यांत नकळत राहणाऱ्या शिशाची मर्यादा दहा लाखांत 20 भाग. 54 टक्के म्हणजे दहा लाखांत 5 लाख 40 हजार भाग. सत्तावीस हजार पट! ‘स्वस्तातल्या काजळात शिसं असतं’ म्हणून घाबरवणारा मेसेज त्याच दमात माणसांना सुरम्याकडे पाठवतो, याचा मला मनापासून राग येतो.

बाळाच्या बाबतीत तर हे अक्षम्य आहे. बाळ डोळे चोळतं आणि तीच मूठ तोंडात घालतं. शिसं पोटात जायला एवढा रस्ता पुरतो. लहान मुलांच्या रक्तात शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. परिणाम होतो वाढत्या मेंदूवर, आणि बाहेरून बाळ ठणठणीत दिसत राहतं. त्यामुळे ‘आम्ही नाही का घातलं? आमचं काय वाईट झालं?’ हे काकूंचं म्हणणं मला ऐकू येतंय, पण पटत नाही. तेव्हा कुणाच्या रक्तातलं शिसं मोजलं होतं? मूल शाळेत मागे पडलं तर ‘डोकं बेताचं’ म्हणून विषय संपायचा. ज्या बाळाच्या डोळ्यात असला सुरमा आधीच घातला गेलाय, त्याच्या आईबापांनी बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगावं आणि रक्तातलं शिसं तपासायचं का ते विचारावं.

घरच्या काजळाचं म्हणाल तर ती गोष्ट वेगळी आहे, हे मान्य करते. तुपाच्या दिव्यावर ताट धरून जमवलेली काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन. त्यात सुरम्यासारखं शिसं नसतं. पण म्हणून ती बाळाच्या डोळ्यात घालायची वस्तू होत नाही. घालणाऱ्याचं बोट, नखातला मळ, महिनोन्महिने उघडझाक होणारी तीच डबी, आणि काही आठवड्यांच्या बाळाचा डोळा. त्यातून जंतू जातात, डोळे चिकटतात. घरी येणाऱ्या आशाताईसुद्धा हेच सांगतात, बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नका. दृष्ट लागेल असं वाटत असेल तर तीट तळपायाला लावा, तिथे एवढ्या लहान बाळाचा हात जात नाही. आणि काजळाने डोळे मोठे होतात म्हणे! काळ्या रेघेने ते मोठे दिसतात, एवढंच. बुबुळ काजळ बघून वाढत नाही.

आता अंगठी. फाउंडेशनवर सोनं घासलं की काळी रेघ उमटते, हे खरंच होतं. पण ती रेघ शिशाची नाही, तुमच्याच अंगठीची आहे. फाउंडेशनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड यांचे कण असतात. ते 22 कॅरेट सोन्यापेक्षा कठीण. घासलं की सोन्याचे अतिसूक्ष्म कण सुटतात, आणि इतके बारीक झालेले धातूचे कण काळेच दिसतात. पावडर लावलेल्या गळ्यावर सोन्याच्या साखळीचा काळा डाग पडतो, त्याचंही कारण हेच. महागड्या फाउंडेशनवर घासा, तिथेही रेघ येईल. काजळावर अंगठी घासायला सांगणाऱ्याने तर कमालच केली, मुळात काळ्या वस्तूवर काळं काय शोधायचं? शिसं प्रयोगशाळेत मोजतात. घरी अंगठी घासून फक्त अंगठी झिजते.

वटवाघळाची विष्ठा मस्काऱ्यात नसते. घोटाळा नावाच्या सारखेपणाचा आहे: अशा विष्ठेला इंग्रजीत ग्वानो म्हणतात, आणि ग्वानीन नावाचा चमक देणारा पदार्थ काही प्रसाधनांत वापरतात, पण तो माशांच्या खवल्यांतून काढतात. शाकाहारी असाल तर तेवढ्यासाठी चौकशी करा, हरकत नाही.

त्वचेचा श्वास आणि 60 टक्के: श्वास आपण फुप्फुसांनी घेतो. आणि लावलेलं सगळं जर असं सरसकट रक्तात उतरत असतं तर औषधाच्या गोळ्या कुणी गिळल्याच नसत्या, चोळून भागलं असतं. फाउंडेशनमधले रंगाचे कण त्वचेवर बसून राहतात, म्हणून तर ते धुता येतात. यात अर्धं खरं एवढंच, की मेकअप न उतरवता झोपलात किंवा तेलकट त्वचेवर जड, तेलकट फाउंडेशन रोज थापलंत तर छिद्रं तुंबतात आणि पुटकुळ्या येतात. ते दोन हजारांच्या बाटलीनेही येतात.

किमतीचं खूळ तर डोक्यातून काढाच. लोरेआल या एकाच कंपनीकडे 1964 पासून लाँकोम हे महागडं नाव आहे आणि 1996 पासून मेबेलिन हे स्वस्तातलं. एक काचेच्या काउंटरवर मिळतं, दुसरं मेडिकलमध्ये टांगलेलं असतं. जास्तीच्या पैशांत बाटली, जाहिरात येते आणि कधी कधी पोत खरंच चांगला मिळतो. शिशाची मर्यादा मात्र दोघांना सारखीच.

स्वस्त मालाबद्दल एक तक्रार खरी आहे, ती मी नाकारणार नाही. रस्त्यावर नामांकित कंपन्यांची नक्कल सर्रास विकली जाते, आणि तिच्यात काय असेल ते सांगता येत नाही. स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे, छपाई पुसट, किंमत निम्मी. तिच्या वाटेला जाऊ नका. घेताना खोका उलटा करा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, उत्पादन परवान्याचा नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, आणि परदेशी माल असेल तर आयात नोंदणीचा नंबर, हे असलंच पाहिजे. शंभर रुपयांच्या काजळावर हे सगळं असतं. त्या सोनेरी टोपणाच्या डबीवर यातलं काहीही नव्हतं.

बहिणीला नवीन सामान घ्यायचंय, तर तिला एवढंच सांगितलंय. दुकानातला टेस्टर डोळ्याला लावायचा नाही, कुणाकुणाच्या डोळ्याला लागलेला असतो. काजळाचा रंग हातावर बघ. फाउंडेशनची छटा मनगटावर बघू नकोस, जबड्याच्या कडेला लाव आणि दुकानाबाहेर उजेडात येऊन बघ. स्वस्तातल्या फाउंडेशनमध्ये आपल्या सावळ्या रंगाच्या छटा कमी असतात, आणि लावल्यावर थोड्या वेळाने रंग गडद होतो, म्हणून लगेच पैसे देऊ नकोस, बाजारातलं बाकीचं काम उरकून ये आणि मग ठरव. घरी आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक-दोन दिवस लावून बघ, खाज आली नाही तर चेहऱ्याला. मस्कारा तीन महिन्यांनी टाकायचा, संपला नसला तरी, आणि कुणालाही वापरायला द्यायचा नाही, अगदी मलाही नाही.