सुभेदाराला मेजर का म्हणायचं?

परवा कट्ट्यावर वाद पेटला तो एका फ्लेक्सवरून. शेजारच्या गावातले एकजण सुभेदार म्हणून पेन्शनीत येतायत. गावानं सेवापूर्ती सोहळा ठरवलाय, फुलांनी सजवलेल्या उघड्या जीपमधून मिरवणूक आहे. पोरं फ्लेक्सचा मजकूर मोबाइलवर दाखवायला घेऊन आली. नावाच्या आधी ठळक अक्षरांत ‘मेजर’. मी म्हटलं, हे आधी बदला. मग टपरीवाल्यानं शटर ओढेपर्यंत दुसरा विषय निघाला नाही.

पोरांचं म्हणणं सरळ होतं. “आपल्या सातारा जिल्ह्यात फौजी म्हणजे मेजर. भरती होऊन वर्ष झालेलं पोरगं सुट्टीवर आलं तरी लोक विचारतात, काय मेजर, किती दिवस सुट्टी?” हे खरंच आहे. कोल्हापुरात, नगरकडंही तसंच.

आबांनी त्यात भर घातली. “माझ्या थोरल्या भावाला बी समदं गाव मेजरच म्हनायचं. नाईक म्हनून घरी आला. त्यानं कधी कुनाला टोकलं न्हाय. मायेनं म्हनत्यात रं, त्यात काय पाप हाय?”

पाप नाहीच. पारावर आबांनी मेजर म्हणावं, त्यांचा तो हक्क आहे. पण फ्लेक्स, निमंत्रणपत्रिका आणि माइकवरचा पुकारा ही चारचौघांतली नोंद असते, तिथं माणसानं कमावलेलं पद जसंच्या तसं यायला हवं.

वकिलांनी लगेच पेच टाकला. “सुभेदार मेजर असं पद आहेच की फौजेत. मग मेजर म्हटलं तर एवढं काय बिघडलं?”

घोळ नेमका इथंच होतो. सुभेदार मेजर हा बटालियनमधला सगळ्यात ज्येष्ठ जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे तिघे जेसीओ, हवालदाराच्या वर आणि अधिकाऱ्याच्या खाली. जवानांच्या मनात काय चाललंय ते कमांडिंग ऑफिसरपर्यंत पोचवणारा माणूस. त्याच्या खांद्यावर अशोकस्तंभाचे सिंह असतात आणि त्याखाली एक लाल-पिवळी पट्टी. मेजर हा अधिकारी, त्याच्याही खांद्यावर सिंहच, पण पट्टी नाही. तसंच सुभेदाराला दोन तारे आणि पट्टी, लेफ्टनंटला नुसते दोन तारे. लांबून बघणाऱ्याची गल्लत होते, हे मी समजू शकतो. पण आपले हे पाहुणे सुभेदार आहेत, सुभेदार मेजरही नाहीत. मग मेजर कुठून आणायचं?

“म्हणजे पट्टी असली की कमी, नसली की जास्त, असंच ना?” पोरांतल्या एकानं विचारलं. “मग मेजर म्हटलं तर मोठेपणाच दिला की आम्ही.”

यावर मात्र माझा आवाज चढला. पट्टीवाला शिपाई म्हणून भरती झालेला असतो. तिथून लान्स नाईक, नाईक, हवालदार अशा एकेक पायऱ्या. दरवेळी कॅडर म्हणजे बढतीचं प्रशिक्षण, परीक्षा, आणि पास होऊनही जागा रिकामी व्हायची वाट. बहुतेकांची नोकरी हवालदारापर्यंतच संपते. त्यातून जे नायब सुभेदार होतात, त्यांतले काही सुभेदार. अकादमीतून येणारा अधिकारी बावीस-तेविसाव्या वर्षी लेफ्टनंट होतो. त्याचा रस्ता वेगळा, जबाबदारी वेगळी, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण सुभेदाराला मेजर म्हणून आपण त्याला मोठं करत नाही. सुभेदार असणं पुरेसं नव्हतं, असं त्याच्याच सत्कारात सांगतो.

मास्तर इतका वेळ गप्प होते. त्यांचे जावई फौजेत अधिकारी आहेत. त्यांनी जावयाकडून ऐकलेलं सांगितलं. नवीन लेफ्टनंट म्हणून ते युनिटमध्ये गेले तेव्हा समोरचे सुभेदार वयानं त्यांच्या वडिलांच्या जवळपासचे. सुभेदारांनी कडक सॅल्यूट केला, ‘जय हिंद साब’ म्हणाले. जावयांनी सॅल्यूट घेतला आणि लगेच, “साब, पलटण कशी आहे ते मला आधी सांगा.” दोन्हीकडून साब! सॅल्यूट खालून वर जातो, पण साहेब म्हणणं दोन्ही बाजूंनी चालतं. कमांडिंग ऑफिसरसुद्धा जेसीओला नुसत्या नावानं हाक मारत नाही, ‘सुभेदार साब’ म्हणतो. हवालदाराला हवालदार अमुक, नाईकाला नाईक तमुक.

ही रीत जुनी आहे. इंग्रजांच्या काळात या सुभेदार मंडळींना व्हाइसरॉयचं कमिशन, म्हणजे नेमणुकीची सनद असायची, स्वातंत्र्यानंतर ते जेसीओ झाले. नायब सुभेदाराला तर 1965 पर्यंत जमादार म्हणत. नावं बदलली, साहेब टिकलं.

एकाचा भाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणाला, तिकडं सार्जंटला ‘सर’ म्हटलेलं चालत नाही, सर फक्त अधिकाऱ्याला. सार्जंटला सार्जंटच म्हणायचं, नौदलात चीफ असेल तर चीफ. म्हणजे तिथंही ज्याचं पद त्याला, दुसऱ्याचं उसनं नाही.

आबा अजून पुरते पटले नव्हते. मग मी माणगावच्या स्मारकाची आठवण काढली. इटलीत 10 जुलै 1944 ला लढता लढता पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉस हा इंग्रजांचा शौर्याचा सर्वोच्च पुरस्कार मिळालेले मराठा पलटणीचे यशवंत घाडगे. त्यांचं नाव ‘नाईक यशवंत घाडगे’ असंच घेतलं जातं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन आणणारे नामदेव जाधव तेव्हा शिपाई होते, व्हिक्टोरिया क्रॉसच्या नोंदीतही शिपाईच आहेत. 1987 साली सियाचीनमधली पाकिस्तानची चौकी जिंकून घेणारे बाणा सिंग तेव्हा नायब सुभेदार होते. मानद कॅप्टन नंतर झाले. यांतल्या कुणाला मोठं दिसण्यासाठी वरचं पद चिकटवावं लागलं का?

आबा थोडा वेळ चहाचा ग्लास फिरवत बसले. “घाडग्यांना नाईक म्हनत्यात व्हय,” एवढंच म्हणाले. त्यांचा भाऊही नाईकच होता.

मग मजकूर फटाफट ठरला. पोरांनी ‘निवृत्त सुभेदार’ लिहिलं, ते मास्तरांनी बदलायला लावलं. त्यांचं म्हणणं, निवृत्त माणूस होतो, पद नाही. म्हणून आधी सुभेदार, मग नाव, आणि ‘निवृत्त’ सगळ्यात शेवटी कंसात. खाली पलटणीचं नाव. फोटो वर्दीतला घ्या आणि खांदा कापू नका, एवढं मी सांगितलं. पोरांनी आधीचा फोटो गळ्यापासून छाटला होता.

निघता निघता कळलं की त्याच कार्यक्रमात गावातल्या दोन हवालदारांचाही सत्कार आहे आणि पत्रिकेत त्यांच्यासाठी नुसतं ‘व इतर आजी-माजी सैनिक’ लिहिलंय. ते चालणार नाही. वीस-बावीस वर्षं काढलेली माणसं ‘इतर’ कशी? पत्रिका अजून छापखान्यात गेलेली नाही. दोघांची नावं हवालदार लावून घालायची आणि माइकवरही तशीच पुकारायची, हे सूत्रसंचालकाला सांगायचं काम वकिलांनी अंगावर घेतलंय.