एएनसी तुमच्या कानासाठी आहे, समोरच्याच्या नाही

गोंगाटाच्या ठिकाणी फोनवर बोलावं लागणाऱ्यांसाठी एक सल्ला व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर फिरत असतो. मथितार्थ असा: एएनसीवाले (ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे गोंगाट मारणारी सोय असलेले) इअरबड घ्या. डेसिबलचा आकडा जितका मोठा तितका कॉल स्वच्छ. चार माइक आणि नवं ब्लूटूथ असलं की काम झालं. तोंडासमोर दांडी येणारे हेडसेट कॉल सेंटरला शोभतात. आणि दोन्ही कान बंद ठेवा. हे वाचून गोदामात, वर्कशॉपमध्ये, बाजार समितीच्या गाळ्यावर बसणारी माणसं चार-पाच हजार मोजतात, आणि पलीकडून तरीही "काय? परत बोला" येतंच.

"एएनसीमुळे कॉल स्वच्छ होतो." कोणासाठी? एएनसी म्हणजे बाहेरचा आवाज माइकने टिपायचा आणि त्याच्या बरोबर उलटी लहर तुमच्या कानात सोडायची. तिथे दोन्ही एकमेकींना मारतात आणि तुम्हाला शांत वाटतं. समोरच्याकडे जाणारा आवाज या वाटेने जातच नाही. आपण आपली खिडकी लावून घेतली म्हणून शेजाऱ्याकडचा वरातीचा बँड थांबत नाही, तसलाच प्रकार. माइकमधून जाणारा गोंगाट कापणाऱ्या सोयीला खोक्यावर बहुधा ईएनसी (एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशन) लिहिलेलं असतं. फिरता सल्ला या दोन्हींची सरमिसळ करतो, आणि विक्रेत्यालाही ती दुरुस्त करायची घाई नसते.

एएनसी आलं कुठून हे पाहिलं तरी गोष्ट उलगडते. १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना विमानाच्या घरघरीने वैतागलेल्या अमर बोस यांनी, म्हणजे बोस या ऑडिओ कंपनीच्या संस्थापकांनी, प्रवासातच त्याची आकडेमोड सुरू केली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. त्या हेडसेटला कानांशी एएनसी होतं आणि ओठांशी दांडीवरचा माइक. कानाचं काम आणि तोंडाचं काम वेगळं, हे तेव्हाच ठरलेलं होतं. आजही कॉकपिटमध्ये तसंच असतं. वैमानिकाच्या ओठांजवळची दांडी कोणी जुनाट म्हणत नाही.

डेसिबलच्या आकड्याबद्दल थोडक्यात. खोक्यावरचा "५० डीबी" हा सहसा खालच्या पट्टीतल्या एखाद्या आवाजावर मिळालेला सर्वांत मोठा आकडा असतो. एसी, पंखा, इंजिन अशी एकसुरी घरघर एएनसी छान गिळतं. माणसांचं बोलणं, भांड्यांचा खणखणाट, हॉर्न यांच्यापुढे त्याचं फारसं चालत नाही. तिथे कानात घट्ट बसलेली रबरी टोपीच जास्त उपयोगी पडते.

आता खरा मुद्दा, माइक तोंडापासून किती लांब आहे. अंतर निम्मं केलं की तुमचा थेट आवाज माइकपाशी साधारण ६ डीबीने वाढतो. भोवतालचा गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो. इअरबडचा माइक कानाशी, म्हणजे तोंडापासून १२ सेंमीच्या आसपास. दांडीवरचा ३ सेंमीवर. म्हणजे दोनदा निम्मं, सरळ १२ डीबींचा फायदा, तोही कुठल्याही चिपशिवाय. शिवाय बोलणं तोंडासमोर पुढे जातं, कान मागे राहतो. त्यामुळे स, श यांसारखे बारीक आवाज कानाशी आणखी पुसट पोचतात. चांगल्या दांडीच्या माइकला पुढून आणि मागून अशी दोन तोंडं असतात. लांबचा गोंगाट दोन्हीकडून जवळपास सारखाच शिरतो आणि बराचसा वजा होतो. जवळचं बोलणं एकाच बाजूने येतं, ते टिकतं. म्हणून त्या मागच्या भोकांवर चिकटपट्टी लावू नये आणि दांडी उलटी फिरवू नये. माइक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटांच्या अंतरावर ठेवावा. अगदी समोर धरला तर प, फ, भ धाडधाड आदळतात. अनेक जण दांडी हनुवटीखाली लोंबकळत ठेवतात आणि मग हेडसेटच्या नावाने बोटं मोडतात.

"चार माइक." हे बहुधा दोन्ही कानांचे मिळून चार. त्यांच्यातलं अंतर एवढंसं, त्यामुळे दिशा ओळखण्यालाही मर्यादा. उरलेलं काम सॉफ्टवेअरच्या अंदाजावर. पंख्याची घरघर तो अंदाज बरोबर काढून टाकतो. पण शेजारच्या टेबलावरचा सहकारीसुद्धा बोलतच असतो ना! त्याला कापावं की तुम्हाला, इथे गडबड होते आणि तुमच्याच शब्दांची सुरुवात खाल्ली जाते.

"नवं ब्लूटूथ, भारी कोडेक." कोडेक म्हणजे आवाज दाबून लहान करून पाठवायची पद्धत. भारी कोडेक गाण्यांसाठी असतात. कॉल लागला, माइक उघडला, की ब्लूटूथ सहसा गाण्याची वाट सोडून हँड्स-फ्रीच्या वाटेवर येतं. तिथे सीव्हीएसडी हा जुना कॉल-कोडेक मिळाला तर ४,००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे आवाजाच्या पट्टीचं माप) वरचं काही पोचत नाही. एमएसबीसी हा त्यानंतरचा मिळाला तर त्याच्या जवळपास दुप्पट पोचतं. स या व्यंजनाचा बराचसा जीव ४,००० हर्ट्झच्या वर असतो. वाशीच्या फळबाजारातून कोणी "साठ पेट्या" सांगितल्या आणि स रस्त्यात गळला, तर लिहून घेणारा "आठ" लिहील. म्हणून खोक्यावर ब्लूटूथ ५.३ आहे की ५.४ हे बघण्यापेक्षा कॉलसाठी वाइडबँड किंवा एचडी व्हॉइस (वरच्या पट्टीतला आवाजही पोचवणारी सोय) आहे का ते विचारा, आणि आपला कॉल व्होल्टीईवर, म्हणजे ४जी नेटवर्कवरून, लागतोय ना तेही पाहा. दिवसभर एका जागी बसायचं असेल तर वायरवाला यूएसबी हेडसेट मला सगळ्यांत बिनकटकटीचा वाटतो: चार्जिंग नाही, वायफायच्या गर्दीत अडखळणं नाही. फोनला लावणार असाल तर आधी आपल्याच फोनवर साधा कॉल करून बघा; यूएसबीवर गाणी वाजली म्हणजे कॉलही चालेलच असं नाही. फिरतीचं काम असेल तर एका कानाचा, दांडीवाला ब्लूटूथ हेडसेट मिळतो.

"दोन्ही कान बंद ठेवा." ऑफिसात ठीक आहे, ऐकायला सोपं जातं, आवाज कमी ठेवता येतो. इथे एएनसीचाही खरा उपयोग आहे, तो नाकारत नाही. फक्त साइडटोन, म्हणजे स्वतःचा आवाज कानात थोडा ऐकवणारी सोय असलेला हेडसेट बघा, नाहीतर माणूस नकळत ओरडू लागतो. पण जिथे ट्रक मागे घेतले जातात, फोर्कलिफ्ट फिरतात, तिथे एक कान मोकळाच हवा.

कारखान्याचं गणित वेगळं. भिवंडी किंवा इचलकरंजीच्या यंत्रमाग शेडमध्ये आवाज सहज ९० डीबीच्या वर जातो. आपल्याकडच्या कारखाना नियमांत ८ तासांची मर्यादा ९० डीबीए (माणसाच्या कानाला जाणवेल तसे मोजलेले डेसिबल) आहे. कामगारांच्या सुरक्षेवर व आरोग्यावर संशोधन करणारी अमेरिकेची नायओश ही संस्था ८५ च सुचवते, आणि वरच्या दर ३ डीबीला वेळ निम्मा करायला सांगते. अशा ठिकाणी गाण्याचे इअरबड कानाचं संरक्षण म्हणून वापरू नयेत. प्रमाणित इअरमफमध्येच दांडीचा माइक बसवलेले हेडसेट असतात. ते परवडत नसतील तर शेडबाहेर येऊन बोलावं.

घेतल्यावर तपासणी अशी करा. व्हॉइस नोटवर विसंबू नका. हेडसेट लावलेला असूनही ती कधीकधी फोनच्याच माइकने रेकॉर्ड होते. नेहमीच्या गोंगाटात उभे राहा, घरी फोन लावा आणि गाड्यांचे दहा नंबर नेहमीच्या वेगाने, न ओरडता सांगा. पलीकडच्याने ते परत न विचारता लिहायचे. दोन-तीन नंबर चुकले, तर परतीची मुदत संपायच्या आत तो हेडसेट परत करा.