अनुदान मागणाऱ्यांचे स्वातंत्र्य: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्वतंत्र माहितीपटांसाठी अनुदान कोठे आणि कसे मिळते, या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: परदेशी निधीच्या कायदेशीर अडचणी मी ओझरत्या सांगितल्या; नवोदितांना लेखाचा उपयोग नाही; खर्चाचा नमुना दिलेला नाही; आणि, आपल्याच शब्दांत, ‘अनुदानाच्या दारात उभे राहणाऱ्यांनी स्वतःला स्वतंत्र म्हणवू नये, ही सुशिक्षितांची भीक आहे.’

पहिला आक्षेप मला मान्य आहे. परदेशी अंशदान विनियमन कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेला मिळालेले परदेशी अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे माहितीपटांना अनुदान देणाऱ्या ॲमस्टरडॅमच्या इडफा बर्था फंडासारख्या ठिकाणी अर्ज करण्यापूर्वीच सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा, हे मी अधिक ठळकपणे लिहायला हवे होते.

आपले शेवटचे वाक्य मात्र मला सोडून देता येत नाही. आपण बडोद्याच्या रावपुऱ्यात राहता असे लिहिले आहे. म्हणजे आपण एकाच शहरात, कदाचित एकाच रस्त्यावरून ये-जा करतो. समोरासमोर भेटलो असतो तर हे वाक्य आपण उच्चारले नसते असे मला वाटते, आणि जे समोर बोलवत नाही ते टोपणनावाखाली लिहिणे मला योग्य वाटत नाही.

भीक मागणाऱ्याला कोणी हिशेब विचारत नाही. अनुदानाच्या अर्जात मात्र विषयाचा सारांश, चित्रपटाची मांडणी, दिग्दर्शकाचे निवेदन, अंदाजपत्रक, उरलेली रक्कम कोठून उभी राहणार याचा तपशील आणि आधी चित्रित केलेली काही मिनिटांची दृश्ये द्यावी लागतात. मंजूर झालेला पैसाही बहुधा हप्त्यांनी येतो आणि पुढचा हप्ता अहवाल व खर्चाची बिले पाहिल्यावरच सुटतो. विश्वामित्री नदीच्या काठावर मगरींच्या शेजारी राहणाऱ्या वस्तीवर मी माहितीपट केला, तेव्हा रिक्षाच्या भाड्याचीही नोंद ठेवली होती.

त्याच चित्रपटाचा दुसरा अनुभवही सांगते, कारण आपण स्वातंत्र्याचा प्रश्न काढला आहे. सुरुवातीला मी लग्नांच्या चित्रफितींचे संकलन करून पैसे साठवले, ते पुरले नाहीत आणि एका परिचित व्यावसायिकांनी आपण होऊन मदत केली. पहिले संकलन पाहिल्यावर त्यांनी नदीकाठच्या बांधकामांविषयीचा भाग काढून टाकण्याची सूचना केली. मी नकार दिला आणि त्यांचे पैसे परत करण्यासाठी कॅमेरा विकला. पुढे मिळालेल्या अनुदानाच्या निवड समितीने मला अवघड प्रश्न विचारले, पण एकही दृश्य काढायला सांगितले नाही. स्वातंत्र्य पैसा कोणाकडून आला यावर ठरत नाही, संकलनाच्या टेबलावर शेवटचा निर्णय कोण घेतो यावर ठरते, आणि हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. देणाऱ्या संस्थांचेही काही कल असतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच करारातील अंतिम संकलनाचे आणि हक्कांचे कलम सही करण्यापूर्वी वाचावे, असे मी मूळ लेखात स्पष्ट लिहिले होते. आपण ते वाचले असावे अशी अपेक्षा होती.

दादासाहेब फाळके १८९० साली आपल्याच शहरातील कलाभवनात शिकायला आले. त्यांनी १९१२ मध्ये पहिल्या कथापटासाठी भांडवल मिळावे म्हणून वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची छोटी चित्रफीत तयार केली, निवडक लोकांना दाखवली आणि त्यावर कर्ज उभे केले. आज प्रत्येक अर्जासोबत नमुनादृश्ये मागितली जातात, ती याच कारणासाठी. त्यांनाही आपण तोच शब्द लावाल काय?

‘मंथन’साठी गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले, तसे लोकांकडे जा, असा सल्लाही आपण दिला आहे. १९७६ च्या त्या चित्रपटामागे दूध उत्पादकांची सहकारी संघटना होती, वर्गणी गोळा करण्याची व्यवस्था गावोगावी आधीच उभी होती आणि विषयही त्यांच्याच चळवळीचा होता. दर पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरते आणि धान्य भिजते, त्यांच्याकडे त्यांच्याच दुःखावरील चित्रपटासाठी पैसे मागणे मला जमणार नाही, आणि ते सुचवणाऱ्याने त्या वस्तीत एक पावसाळा काढून पाहावा.

नवोदितांविषयीच्या आक्षेपावर फार लिहीत नाही. बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे भारतीय भाषांतून प्रस्ताव पाठवता येतो आणि कोलकात्याच्या डॉकएज या माहितीपटांच्या उपक्रमात नवख्या दिग्दर्शकांना आपला प्रकल्प मांडण्याचे मार्गदर्शन मिळते. दोन्ही गोष्टी लेखात होत्या. अंदाजपत्रकाचा नमुना पुढील लेखात देणार असल्याचेही शेवटी नमूद केले होते. तो ठरल्याप्रमाणे येईल. त्यातील ध्वनी किंवा संकलनाच्या खर्चाबद्दल शंका असल्यास जरूर विचारा, मी उत्तर देईन. मात्र माझ्या सहकाऱ्यांच्या कामाला पुन्हा भीक म्हटलेत, तर ती प्रतिक्रिया येथे ठेवली जाणार नाही.