तासाभराचं कोल्हापूर

पुण्याहून स्वतःच्या छोट्या विमानाने कोल्हापूर किती लांब, या प्रश्नाला "तासभर" असं उत्तर कधीही देऊ नये. खरं असलं तरी देऊ नये. सासरची मंडळी त्या तासावर विसंबून भात लावतात.

तास हा फक्त हवेतला. लोहगावचा रनवे हवाई दलाचा. लढाऊ आणि प्रवासी विमानांच्या मधल्या फटीत चार आसनी विमानासाठी वेळ आणि जागा मागणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडवर गाडी लावायला जाणं. म्हणून असं विमान बारामतीला ठेवलेलं बरं. बारामती रस्त्याने शंभरेक किलोमीटर: दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव. आपण बारामतीला पोचतो तेव्हा त्याच वेळी स्वारगेटहून सुटलेली एसटी साताऱ्याला चहा पीत उभी असते. तिथून पुढे आपलं विमानाचं आच्छादन काढायचं काम सुरू.

आधी पंखांचे आणि शेपटीचे दोर सोडायचे, मग पंखाखालच्या पिटो नळीत डोकवायचं. हवेचा वेग याच नळीवरून कळतो आणि कुंभारीण माशीला घर बांधायला हीच नळी आवडते. झाकण घालायचं राहिलं असेल तर आत चिखलाचा बंगला तयार. मग विमान धावतं, पण वेगाचा काटा हलत नाही. अशा वेळी रनवे शिल्लक असतानाच थांबायचं. पुढचं काम इंधनाचं. टाकीत साचलेलं पाणी एव्हीगॅसपेक्षा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलपेक्षा, जड, म्हणून तळाशी बसतं. आपलं चार आसनी विमान म्हणजे सेसना १७२, त्याच्या नव्या मॉडेलला ते काढायच्या तेरा जागा आहेत. प्रत्येक जागी छोट्या पेल्यात थोडं इंधन काढून उजेडात धरायचं. निळं दिसलं तर एव्हीगॅस. खाली बिनरंगी थेंब दिसला तर पाणी, आणि मग स्वच्छ निळं येईपर्यंत पुन्हा पुन्हा. पेला घेऊन आभाळाकडे बघणारा माणूस लांबून फार विद्वान दिसतो.

फ्लाइट प्लॅन भरल्यावर एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) आणि एडीसी (हवाई संरक्षणाच्या परवानगीचा) असे दोन नंबर मिळतात. ते नीट लिहून घ्यायचे, कारण त्यांच्याशिवाय उडता येत नाही. ठरल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशीर झाला तर तसं कळवावं लागतं. "एवढी पर्स राहिली वरती" याला अर्धा तास सहज पुरतो.

आता वजन. माझ्या मते खाजगी विमान बाळगण्यातलं खरं साहस एवढंच. १७२ मध्ये माणसं, सामान आणि इंधन मिळून साधारण ४०० किलो चालतात. पूर्ण टाक्या म्हणजे २०० लिटर, लिटरला ०.७२ किलो धरून १४४ किलो. उरले २५६. सत्तर-सत्तरचे चौघे म्हणजे २८०. म्हणजे चार खुर्च्या, भरलेल्या टाक्या आणि बॅग यांतलं काहीतरी सोडायचं, आणि सोडायचं ते इंधन, पण हिशेबाने. बारामती-कोल्हापूर जाऊन-येऊन दोन तास, तासाला ३५ लिटर, वर पाऊण तासाचं राखीव: ११० लिटर पुरतात. कोल्हापुरात एव्हीगॅस मिळेल असं धरून चालू नये. या ११० लिटरचे झाले ८० किलो. चौघं बसून सामानाला ४० किलो उरतात.

हे गणित फक्त खऱ्या वजनांवर चालतं. मामींना वजन विचारलं की त्या लग्नातलं सांगतात. मी सांगितलेल्या आकड्यात मुकाट्याने पाच किलो मिळवतो. शिवाय जड माणूस पुढे हवा, कारण मागे वजन वाढलं की नाक हलकं होतं आणि विमान स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल तुटल्यावर, सावरायला त्रास देतं. मानपानात मागे बसवलेल्या मामांना पुढे आणण्याचं कारण चारचौघांत सांगू नये.

परतीला जाताना जळलेल्या इंधनाचे २५ किलो मोकळे झालेले असतात. ही गोष्ट सासुरवाडीत बोलू नये. दहा किलोचा गुळाचा रवा, कांदा-लसूण मसाला आणि "पोरांसाठी थोडंसं" यांनी ती जागा भरते, आणि सामानाच्या कप्प्याची स्वतःची मर्यादा ५४ किलोच आहे. तांबड्या रश्शाचा डबा तर नकोच. केबिनमध्ये दाब टिकवायची सोय नसते, त्यामुळे साडेपाच-साडेसात हजार फुटांवर बाहेरचा दाब उतरला की घट्ट डब्याचं झाकण उडू पाहतं. सैल ठेवावं तर पहिल्याच धक्क्याला रस्सा छतावर.

एप्रिल-मेमध्ये सकाळीच निघावं. अकरानंतर तापलेल्या जमिनीवरून हवा उसळते आणि मामी देवाचं नाव घेऊ लागतात. शिवाय ४० अंशांत पुण्याच्या उंचीवरची हवा इतकी विरळ होते, की इंजिनाच्या आणि पंखांच्या दृष्टीने आपण कळसूबाईच्या माथ्यावरून उडत असतो. धाव लांबते, चढ मंदावतो. पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग टेकलेले असतात, तेव्हा सरळ एसटी.

"जेवून जरा पडा, मग निघा" हे इथे चालत नाही. डोळ्यांनी बघून उडणाऱ्यांना सूर्यास्तानंतर वीस मिनिटांची सवलत, मग बंद. दारूचं बंधन उड्डाणाआधी बारा तासांचं. रविवारी सकाळी नऊला निघायचं तर शनिवारी रात्री नऊनंतर मेहुण्यांसोबत फक्त सोलकढी. आणि हवा बिघडली तर निघायचंच नाही, मग तिकडे बारसं असो नाहीतर डोहाळजेवण. "सगळे वाट बघतायत" या वाक्याने माणसं नको त्या ढगात शिरतात.

उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, उतरून विमान बांधेपर्यंत मामेसासरे येतातच. सगळं निरखून त्यांचा प्रश्न ठरलेला, "पाव्हणं, लिटरला किती देतंय?"

तासाला दोनशे किलोमीटर भागिले ३५. पावणेसहा.

"मग डिझेलमधी येत नाही व्हय?"

येतं. डायमंड कंपनीच्या डीए-४० विमानात डिझेल इंजिन मिळतं, जेट फ्युएलवर चालतं आणि तासाला बरंच कमी पितं. हे त्यांना सांगू नये.